हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: रेलिंग नको, ओहोटीची वेळ लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर सीझनला एकदा तरी पेपरात ती छोटीशी बातमी येतेच, हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने कोणीतरी ओढला गेला, आणि मग दोन दिवस मोबाइलवर दोनच प्रकारचे लोक बोलत असतात. एक म्हणणार तो रस्ता कायमचा बंद करून टाका. दुसरे म्हणणार तिथे मस्त काँक्रीटचा वॉकवे बांधा, स्टीलचं रेलिंग लावा, लाइट लावा, एवढा पैसा येतो तर करत का नाहीत. मला दोन्ही पटत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण मधला तिथीचा हिशोब तेवढा कापू नका, कारण तेवढाच कामाचा आहे.

आमच्या घरचं कुलदैवत तिथलं, काळभैरव-योगेश्वरी. घरात लग्न झालं की जोडीने जायचं, मूल झालं की त्याला घेऊन जायचं, एवढं ठरलेलं. आत्या आम्हाला गाडीतच बजावायची, आधी भैरव, मग हरिहरेश्वर, मग परत भैरव, उलटं करायचं नाही. तो क्रम आजही तिथे बहुतेक सगळे पाळतात, नवीन आलेल्यांना हार-नारळ विकणाऱ्या बायकासुद्धा सांगतात. म्हणजे बघा, दर्शनाचा क्रम काय हे मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला दहा मिनिटांत कळतं. पण समुद्राची वेळ काय हे विचारायचं असतं, हेच त्याच्या डोक्यात येत नाही.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्याच्या टोकाला, जिथे सावित्री नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे हे गाव. दक्षिण काशी म्हणतात. चार टेकड्या आहेत, हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री, आणि त्यांच्या कुशीत देऊळ. आत ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची स्थानं. पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन इथून जवळच, हरिहरेश्वर त्यांचंही कुलदैवत, पहिल्या बाजीरावाने १७२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला असं सांगतात. गंमत म्हणजे हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता, पेशवे पुण्यात बसून अटकेपार गेले पण त्यांचं स्वतःचं गाव शेवटपर्यंत नवाबाकडेच. असो, तो वेगळा विषय.

प्रदक्षिणा म्हणजे नुसती देवळाभोवती नाही. देवळामागून पायऱ्या चढायच्या, थोडं वर गेलं की एकदम समुद्र दिसतो, आणि मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरायचं. तिथून पुढे टेकडीच्या पायथ्याने खडकांवरून वळसा घालत परत यायचं. वाटेत गायत्री तीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणं आहेत, पिंडदानाला येणारे लोक पण असतात. खडकाला समुद्राने आणि वाऱ्याने अशी काही जाळी पाडलीय की मधमाशांचं पोळंच वाटतं, जिऑलॉजीची पोरं खास ते बघायला येतात. सुंदर आहे, वाद नाही. पण नीट बघा, डाव्या-उजव्या कुठल्याही अंगाने विचार केला तरी तिथे एका बाजूला उभा कातळ आणि दुसऱ्या बाजूला उघडा अरबी समुद्र, मध्ये जी खडकाची पट्टी आहे तीच वाट. ओहोटीला ती रुंद असते, आरामात म्हातारी माणसं जातात. भरतीला ती पट्टी पाण्याखाली. आणि अर्ध्या वाटेवर असताना पाणी चढायला लागलं तर मागे जायचं तेवढंच पुढे जायचं, वर चढायला जागा नाही. लोक अडकतात ते इथे. पोहता येतं म्हणून काही उपयोग नसतो, कारण लाट माणसाला बुडवत नाही आधी, ती खडकावर आपटते.

आता तो हिशोब. कोकणात किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला, खारव्याला, भंडाऱ्याला विचारा, तो घड्याळ किंवा मोबाइल न बघता सांगेल पाणी कधी भरणार. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येतो तेवढे वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आसपास धरायचं. आणि भरतीच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. कारण अगदी साधं, चंद्र रोज पन्नासएक मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागे पाणीही उशिरा येतं. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, ठिकाणाप्रमाणे बदलतं, म्हणून हा अंदाज आहे, मिनिटाचं टाइमटेबल नव्हे. पण सकाळी सातला पनवेलहून निघताना कुठल्या वेळी तिथे पोचावं हे ठरवायला पुरेसा आहे. आणि तिथी कुठे असते? प्रत्येक मराठी घरात किचनच्या दारामागे जे कॅलेंडर लटकतंय त्याच्यावर, दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात.

यात अजून एक गोष्ट आहे ती जास्त महत्त्वाची. सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आजूबाजूला उधाण, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या आजूबाजूला भांग, चढ-उतार कमी. हे शाळेत भूगोलात सगळ्यांनी पाठ केलंय, दोन मार्काला यायचं. आता ते आणि पाऊणपट एकत्र ठेवून बघा. उधाणाच्या दिवसांत दुपारी बाराला पाणी सगळ्यात वर असतं. मुंबईहून पहाटे निघालेली ट्रॅव्हलर, माणगाव-म्हसळा करत, मध्ये वडापाव-चहाला थांबत, किती वाजता पोचते? अकरा, साडेअकरा. दर्शनाची लाइन, नारळ, फोटो, आणि मग बाराच्या ठोक्याला सगळे पायऱ्या उतरतात. म्हणजे लोकांनी मुद्दाम ठरवून सगळ्यात वाईट वेळ निवडावी तसं होतं. आणि गर्दीचे दिवस कुठले? महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, चौदा पाऊण साडेदहा, साडेदहा-अकराच्या सुमाराला उधाणाची भरती. त्रिपुरी पौर्णिमा, होळी, दत्तजयंती, सगळ्या पुनवा. सुट्टी लागून आली की पार्किंगला जागा नसते, आणि नेमक्या त्याच दुपारी खाली समुद्र कातळाला धडका देत असतो.

आणि आता जुन्या लोकांचं बघा. पुनवेला, अवसेला पहाटे उठायचं, अंधारात आंघोळ, उजाडायच्या आत देवळात, आणि तांबडं फुटताना प्रदक्षिणा. आमच्या घरातली म्हातारी माणसं अशीच करायची आणि आम्ही लहान असताना वैतागायचो की एवढ्या लवकर कशाला. बारा वाजता भरती असेल तर ओहोटी सहाला, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. उधाण असल्यामुळे पाणी त्या वेळी सगळ्यात लांब गेलेलं, खडक मोकळे. त्यांनी हे पुण्यासाठी केलं की पाण्यासाठी केलं हे मी सांगू शकत नाही, बहुतेक त्यांना तो फरकच वाटत नसणार. पण वेळ बरोबर जुळते एवढं खरं. भैरवाचंही तसंच, काळभैरव जयंती कार्तिक वद्य अष्टमीला, अष्टमीला भरती सहाला म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, आणि भांगाचे दिवस. दुपारी पोचणाऱ्यांनी यायचंच असेल तर अष्टमीच्या पुढे-मागे यावं. फक्त एक, भांगाला पाणी फार लांब जात नाही, वाट असते पण ओली आणि अरुंद असते, तेव्हा तिथेही रेंगाळायचं नाही.

कोणी म्हणेल ही भानगड लोकांना झेपणार नाही, देवळात येणाऱ्याने काय गणित करायचं? मग हाजी अलीचं बघा ना. मुंबईच्या मध्यावर, भरती आली की रस्ता पाण्याखाली जातो, लोक अलीकडे थांबतात, पाणी उतरलं की जातात. कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. गुजरातमध्ये भावनगरजवळ कोळियाकला निष्कलंक महादेव आहे, पांडवांची पाच लिंगं सांगतात, ते तर समुद्रातच, ओहोटीला चिखलातून चालत जायचं आणि भरतीच्या आत परत यायचं. खंभातच्या आखातात चढ-उतार दहा मीटरच्या घरात जातो, आपल्या तिप्पट म्हणा, आणि तरी भादरवी अमासच्या जत्रेला हजारो लोक जातात, कारण तिथे जाणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की पाणी किती वाजता. आपल्या देवगड तालुक्यात कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या येतात, तरंग (देवांच्या सजवलेल्या काठ्या) आणि पालख्या घेऊन माणसं मैलोन् मैल चालत येतात आणि अमावास्येला देवांना समुद्रात तीर्थस्नान घालतात, ते पण उधाणाच्या दिवसांत. तिथे देवाबरोबर पाण्यात उतरणारी माणसं किनाऱ्यावरचीच, त्यांना पाणी कळतं. हरिहरेश्वरचा प्रॉब्लेम हा आहे की येणारा भक्त आता बहुतेक डोंबिवली, पिंपरी, नाशिककडचा आहे, त्याला पाणी कळत नाही, आणि ज्याला कळतं तो खाली घरगुती खानावळ सांभाळतोय किंवा होडीवर आहे.

आता वॉकवेबद्दल. एक तर तो टिकणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वर्षानुवर्षं जपलेली झाडं काही तासांत गेली, लोक अजून त्यातून सावरतायत. वादळ सोडा, दर पावसाळ्यात ज्या लाटा त्या कातळावर फुटतात त्यांच्यापुढे पाइपाचं रेलिंग दोन सीझनमध्ये गंजून वाकडं होईल आणि मग त्या गंजक्या लोखंडाने लोक जखमी होतील. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांची, परवानगी वगैरे तर वेगळंच. दुसरं, आणि मला हे जास्त लागतं, कठडा दिसला की माणूस घाबरत नाही. आत्ता निदान काही जण लाटेचा आवाज ऐकून पायऱ्यांवरूनच परत फिरतात. रेलिंग असेल तर तेच लोक भरतीला जातील, रेलिंगला टेकून समुद्राकडे पाठ करून रील काढतील. तिसरं म्हणजे विष्णुपद सिमेंटमध्ये गाडून त्याच्यावर टाइल्स लावून त्याच्या बाजूला सेल्फी पॉइंटचा बोर्ड, हे दृश्य मला बघायचं नाही. हे भावनिक आहे, मान्य, पण देवस्थानाबद्दल बोलताना भावनेला जागा नसेल तर मग कशाला आहे?

आणि रस्ता कायमचा बंद करा म्हणणाऱ्यांना एवढंच की ज्यांच्या आई-बापाचं पिंडदान तिथे झालंय, ज्यांच्या पिढ्यांनी ती वाट चालली, त्यांना गेटला कुलूप लावून काय सांगणार. कुलूप लावलं की लोक बाजूच्या टेकडीवरून उतरतील, ते जास्त धोक्याचं.

मग करायचं काय? खर्चाचं काहीच नाही. वर जिथून त्या फटीच्या पायऱ्या सुरू होतात तिथे एक फळा. साधा काळा फळा आणि खडू, डिजिटल नको, खाऱ्या हवेत महिनाभरात बंद पडेल. त्याच्यावर रोज सकाळी तीन ओळी. आजची तिथी. आज ओहोटी किती वाजता. आज खाली उतरायची शेवटची वेळ. ही तिसरी ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात. 'भरतीच्या वेळी जाऊ नये' एवढंच लिहून भागत नाही हो, कारण ठाण्याहून आलेल्या माणसाला समोरचं पाणी चढतंय की उतरतंय हे दिसून कळत नाही, त्याला दोन्ही सारखंच दिसतं. 'आज सव्वातीननंतर उतरू नका' म्हटलं की कळतं. शेवटची वेळ ओहोटीच्या आधीची ठेवायची, नंतरची नाही, म्हणजे माणूस उतरत्या पाण्यात जाईल आणि पाणी फिरायच्या सुमाराला बाहेर पडेल. आकडे पाऊणपटीने काढायची पण गरज नाही, भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, जवळच्या बंदराचे आकडे घेऊन गावातल्या जाणत्याने तपासले की झालं. मुंबईत महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस जाहीर करतेच की, सगळे पेपर छापतात, आपणही छापता. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो आला की त्या दिवशी ओहोटी असो की भरती, फळ्यावर सरळ 'आज बंद'. कारण लांब कुठेतरी समुद्र खवळलेला असला की इथे आकाश निरभ्र असताना पण मोठी लाट येते आणि पाऊणपट तिथे चालत नाही. पावसाळ्यात तर पूर्ण बंदच ठेवा, त्यात चर्चा नको.

फळ्याजवळ एक माणूस. गावातलाच, ज्याने आयुष्य पाण्यावर काढलंय असा, रिटायर्ड कोळी काका म्हणा. त्याला शिट्टी द्या, बसायला सावली द्या, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायचा अधिकार द्या, कारण आपल्याकडे गाडीवर स्टिकर असलेला माणूस आला की सिक्युरिटीवाला गप्प बसतो. त्याचा पगार देवस्थान, ग्रामपंचायत आणि पर्यटन खातं यांनी मिळून द्यावा, पार्किंगच्या पावत्यांतून सहज निघेल. गावातल्या हॉटेलवाल्यांनी, घरगुती राहायची सोय करणाऱ्यांनी बुकिंगच्या मेसेजमध्ये एक ओळ टाकावी, तुम्ही येताय त्या दिवशी ओहोटी अमुक वाजता. त्यांचा फायदाच आहे, सकाळी सहाची ओहोटी असेल तर माणूस आदल्या रात्री मुक्कामाला येईल ना!

पेपरलाही एक विनंती. आपण रोज सूर्योदय, सूर्यास्त, राहुकाळ, सोन्याचा भाव छापता. त्यातच रायगड-रत्नागिरीच्या आवृत्तीत भरती-ओहोटीची एक ओळ द्या. मच्छीमारांना लागते, बागमांडल्याच्या फेरीबोटीने पलीकडे वेश्वीला जाणाऱ्यांना लागते, आणि हरिहरेश्वरला निघालेल्यांना तर लागतेच. जागा म्हणाल तर राहुकाळाच्या शेजारी बसेल.

प्लास्टिक, किनाऱ्यावर गाड्या घालणारे, तीर्थावर टाकलेले जुने कपडे आणि फोटोंच्या काचा याबद्दल लिहायचं होतं पण पत्र आधीच फार झालं, ते पुन्हा कधीतरी.

आपला,
एक वाचक, पनवेल

ता. क. पाऊणपटीचा हिशोब मुंबईपासून खाली कोकण किनाऱ्याला चालतो, गुजरातच्या आखातात किंवा चेन्नईकडे लावू नका, तिकडच्या वेळा वेगळ्या. आणि कॅलेंडरवर एकाच तारखेला दोन तिथ्या दिसल्या तर तिथी बदलायची वेळ बाजूला छापलेली असते ती बघा, नाहीतर सरळ गावात फोन करून विचारा.